पोपटाची साखर

पोपटाचं रक्त तपासतात हे ऐकल्यावर लोक आधी विचारतात, "कुठून काढता?" आणि मग विचारतात, "कशाला?"

कुठून, ते सांगणं सोपं आहे. मानेच्या उजव्या बाजूला पिसांवर हलकी फुंकर मारली की एक निळी रेघ दिसते. पक्ष्याची उजवीकडची शीर डावीपेक्षा जाड असते. पोपट टॉवेलात गुंडाळून एकाने धरायचा, डोकं दोन बोटांत अलगद ताणायचं आणि दुसऱ्याने इन्सुलिनच्या बारीक सुईने रक्त ओढायचं. धरणाऱ्याने छाती दाबायची नाही. पक्षी छाती वरखाली करूनच श्वास घेतो, ती दाबली की संपलं. आपल्याकडचा हिरवा पोपट वजनाला दोन लिंबांएवढा असतो. त्याच्याकडून जास्तीत जास्त चहाच्या चमच्याचा दहावा भाग रक्त घ्यायचं, तेवढ्यात सगळं बसवायचं.

कशाला, हे सांगायला वेळ लागतो. पक्षी आजार लपवतो. रानात जो आजारी दिसतो तो ससाण्याच्या तावडीत आधी सापडतो, म्हणून दांडीवर ताठ बसायचं त्याच्या रक्तातच असतं. तो पिसं फुलवून गप्प बसलेला दिसला, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. रक्ताला मात्र असं लपवता येत नाही.

मी सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लॅब माणसांची. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरचे अबोल, मी त्यांच्याहून अबोल. ही नोकरी मला आवडली कारण नमुने बोलत नाहीत. बाहेर काउंटरवर बसायची पाळी आली की मी ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकी. आत सूक्ष्मदर्शकाजवळ मी सुखी असे. अशा लॅबमध्ये पोपट आणले ते डॉक्टर लोखंडे यांनी.

लोखंडे सर जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरी लवकर सोडून त्यांनी मिरज रस्त्याला छोटा दवाखाना टाकला होता. बहुतेक वेळ म्हशी, कुत्री आणि शेळ्या, पण जीव पाखरांत. आपल्या घराण्याचा धंदा ते एका वाक्यात सांगत. आजोबा गावची मेलेली जनावरं ओढायचे, छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी ते काम सोडलं, आणि मी जिवंत जनावरं धरली. एवढं सांगून ते पुढच्या कामाला लागत. ऐकणारा काय म्हणतो, याची ते वाट बघत नसत.

सरांनी पहिलं रक्त आणलं तेव्हा मी ते आमच्या नव्या मशीनला लावलं आणि मशीनने पांढऱ्या पेशींचा आकडा असा दिला की माणूस असता तर त्याला तातडीने मुंबईला पाठवावं लागलं असतं. सर शांतपणे म्हणाले, थेंब पसरून काच करा आणि बघा. मी बघितलं. माणसाच्या लाल पेशी गोल बत्ताशासारख्या, मध्ये रिकाम्या. पोपटाच्या लांबट, आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका. पक्ष्याच्या लाल पेशीत केंद्रक असतं. मशीन ते ठिपके बघून सगळ्यांनाच पांढऱ्या समजत होतं. म्हणजे हातानेच मोजायचं. काचेवर आखलेल्या चौकोनांत, डोळा लावून, एकेक. लॅबमधल्या दुसऱ्या कुणाला ते नको होतं. मला हवं होतं.

पुढे काही वेळा सर लॅबमध्येच येऊन रक्त काढू लागले, आणि गिऱ्हाइकं एकेक अशी यायची. कुपवाडच्या कारखान्यांतले कामगार स्कूटरच्या डिकीत लव्हबर्ड घालून आणायचे आणि डिकी उघडताना आधी स्वतः वाकून आत "आहेस का रं?" असं विचारायचे. साताऱ्याच्या एका कापड दुकानदाराचा राखाडी पोपट सुई बघितली की हुबेहूब टेलिफोनसारखा वाजायचा. आमचा शिपाई दोनदा उठून बाहेरचा फोन उचलून आला. एक बाई पोपटाचा रक्तगट विचारायला आल्या होत्या, जोडी लावायची होती म्हणून. आणि बरेच जण पक्ष्याला आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवून आणायचे, कारण लॅबच्या पाटीवर लिहिलंय की साखर उपाशीपोटी तपासावी. एवढ्याशा जिवाचं पोट रात्रभर रिकामं ठेवायचं नसतं. हे सांगायला मला काउंटरवर जावं लागे, आणि मी जायला लागले.

कायद्याने देशी पोपट पाळायला बंदी आहे. गावांत हे फार थोड्यांना माहीत होतं आणि ज्यांना होतं ते पिंजरा आतल्या खोलीत टांगत. सर प्रत्येकाला बजावत की नवीन पिल्लू घेऊ नका, विकणाऱ्याला थारा देऊ नका. पण आलेल्या आजारी पाखराला त्यांनी कधी परत पाठवलं नाही.

आता खरी अडचण. रक्ताचा रिपोर्ट म्हणजे दोन रकाने. डावीकडे तुमचा आकडा, उजवीकडे निरोगी माणसांचा. उजवा रकाना नसेल तर डाव्याला अर्थ नाही. आमच्या छापील कागदावर उजवीकडे माणसांचे आकडे होते. पोपटाचे कुठून आणायचे? सर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जाऊन आले तर कोंबड्यांचे आकडे भरपूर मिळाले. कोंबडीला अंड्यांचा धंदा असतो, पोपटाला कोण विचारतो. एक जाड इंग्रजी पुस्तक त्यांनी मागवलं होतं, त्यात आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या पोपटांचे आकडे होते. आपल्या हिरव्याचे जवळजवळ नाहीत. तोवर सर आमच्या कागदावरचा उजवा रकाना स्वतः रेघ मारून खोडत आणि वर लिहीत, "पोपटासाठी अजून माहीत नाही." मला आधी हे कसंतरीच वाटायचं. लॅबच्या कागदावर 'माहीत नाही'? नंतर कळलं, एवढं स्वच्छ लिहिणारे फार थोडे असतात.

जगताप हवालदार आले ते हिवाळ्यात. कुंडलचे, फौजेतून निवृत्त, घरची उसाची शेती. सत्तरीचे असतील, पण पाठीचा कणा असा की खुर्चीलाच आधार वाटावा. मांडीवर पिंजरा, त्यावर धुतलेला पंचा. आत राजा नावाचा पोपट, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून.

मी त्या दिवशी रक्त न्यायला सरांच्या दवाखान्यात गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं. सरांनी विचारलं, काय होतंय. हवालदार म्हणाले, शुगर.

"कशावरनं?"

"आवं, मुंग्या लागल्या पिंजऱ्याखाली. माझ्या बी मोरीत लागल्या हुत्या, तवाच माझी शुगर घावली. मग ह्याला न्हाई व्हय?"

सर म्हणाले, पेरूला लागल्या असतील.

"तसं न्हाई. पेरू बंद केला तवापास्नं मुंग्या बी बंद."

हवालदारांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तालुक्यातल्या कुठल्याशा लॅबने नखातून थेंबभर रक्त घेऊन तपासणी केली होती. डावीकडे साखर तीनशेच्या घरात, उजवीकडे छापील सत्तर ते एकशेदहा. त्या लॅबचंही काही चुकलं नव्हतं. त्यांच्याकडे तोच कागद होता, जो आमच्याकडे होता. रकाना खोडायला लोखंडे सर नव्हते, इतकंच.

तेव्हापासून हवालदारांनी राजाला आपल्या पंगतीला घेतला होता. स्वतःला डॉक्टरने दिलेलं पथ्य, तेच त्याला. भिजवलेली मेथी, कारल्याच्या फोडी, पाण्यात जांभळाच्या बियांची पूड. पेरू बंद, मक्याचं कणीस बंद, शेंगदाणे बंद. "दोघांचं लंगर एकच," ते फौजेच्या भटारखान्याचा शब्द वापरून म्हणाले. त्यात अभिमान होता. आणि खरंच, पथ्य पाळावं तर या माणसाने.

सरांनी काढलेलं राजाचं रक्त घेऊन मी लॅबला गेले आणि साखर तपासून परत आले. एकशेतीसच्या आसपास. आकडा ऐकताच हवालदारांचा चेहरा खुलला.

"बघा. तीनशेवरनं कुठं आणली."

सरांनी हवालदारांचं बोट धरून राजाच्या छातीवर ठेवलं. निरोगी पोपटाच्या छातीचं हाड दोन्हीकडच्या मांसात बुडालेलं असतं. राजाचं नांगराच्या फाळासारखं वर आलं होतं. सर म्हणाले, पोपटाची साखर दोनशे-तीनशे असायचीच असते. ही जी उतरली ती उपासाने उतरली. पाखरू मरायला टेकलंय, हवालदार.

हवालदारांनी बोट काढून घेतलं. मग विचारलं, हे कुठं लिवलंय. सरांनी जाड पुस्तक काढलं.

"ह्यातलं पोपट कुठलं?"

"आफ्रिकेतले. ब्राझीलचे."

"त्यांचं खाणंपिणं येगळं, हवा येगळी. ह्यो कुंडलचा हाय. त्यांचा आकडा ह्याला कसा लावायचा?"

मला वाटलं आता सर चिडतील. ते पुस्तक मिटून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि आत हात धुवायला गेले.

खोलीत आम्ही दोघं आणि राजा. न बोलणाऱ्या माणसाशी लोक जास्त बोलतात, हा माझा अनुभव. हवालदार पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, "ताई, माझी मंडळी शुगरनंच गेली. पाय काढला, तरी गेली. बुंदीचा लाडू मागायची. म्हटलं, एकानं काय हुतंय. ती मागायची आन् मी द्यायचो." राजाने दांडीवर जागा बदलली आणि बारीक आवाज केला. "आता ह्यो मागतोय," ते म्हणाले.

सर बाहेर आले तेव्हा त्यांनी काय ऐकलं होतं कोण जाणे. ते हवालदारांसमोर स्टुलावर बसले आणि सौदा केला. तुम्ही मला कुंडलचे निरोगी पोपट दाखवा, मी येतो. तुमच्यासमोर रक्त काढतो, तुमच्यासमोर तपासतो. त्यांची साखर माणसासारखी निघाली तर तुमचं खरं. पण तोवर याला निदान हाफ रेशन, भिजवलेला हरभरा आणि भाकरी.

"गोड न्हाई?"

"गोड नाही."

हाफ रेशन हा फौजेतला शब्द हवालदारांना पटला. ते उठले. "ऐतवारी या. पोपट गोळा करायचं माझ्याकडं लागलं."

ते गेल्यावर सर म्हणाले, रविवारपर्यंत टिकला तर बरं. मी विचारलं, पक्षी इथेच ठेवून का नाही घेतला. ते म्हणाले, ठेवून घेतला असता, बरा करून दिला असता आणि घरी गेल्यावर परत कारलं सुरू झालं असतं. माणसाला पटल्याशिवाय पाखरू वाचत नाही.

रविवारी सरांच्या जुन्या फियाटमध्ये आम्ही हाताने फिरवायचा सेंट्रिफ्यूज, नळ्या, औषधं, थर्मामीटर आणि टॉवेलांचा गठ्ठा घातला आणि कुंडलला गेलो. शाळेच्या पडवीत पिंजरे एका ओळीत मांडलेले. प्रत्येक पिंजऱ्यापुढे फरशीवर खडूने नंबर, मागे मालक उभे. हवालदार फौजी बूट घालून ओळीतून फिरत होते. त्यांनी त्याला नाव दिलं होतं, मेडिकल परेड. लोकांना भीती होती की ही जंगल खात्याची माणसं असणार. हवालदारांनी घरोघर जाऊन शब्द दिला होता, म्हणूनच पिंजरे उजेडात आले.

राजा टोकाला वेगळा. रविवारपर्यंत टिकला होता, एवढंच.

आता निरोगी कोण हे ठरवायचं होतं. ही गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. आजारी पाखरू ओळखणं अवघड आणि निरोगी ओळखणं त्याहून अवघड. त्यात एखादं आजारी मिसळलं की उजवा रकाना कायमचा वाकडा होतो. मालकांच्या लेखी जो लय बोलतो तो निरोगी. सर प्रत्येकाला कापडी पिशवीत घालून वजन करीत, छातीचं हाड चाचपत, विष्ठा बघत, शेपटीखालची पिसं बघत. बाळू पैलवानाचा पोपट त्यांनी बाजूला काढला. पैलवान तालमीतून थेट आला होता, कानांच्या पाकळ्या चेपलेल्या, खांद्यावर पोपट. तो दुखावला.

"डॉक्टर, तालमीतला हाय त्यो. माझ्यासंगं रोज थंडाई पितो. बदाम घातलेली."

"म्हणूनच," सर म्हणाले. पोपटाचं पोट पैलवानाच्या खांद्यावर टेकत होतं.

लोक हसले, पैलवान खाली बसला. सरांनी त्याला सेंट्रिफ्यूज फिरवायचं काम दिलं. हँडल फिरवून नळ्या गरगरायच्या, म्हणजे रक्ताच्या पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी सुटतं. असं एका वेगात फिरवणारा माणूस आमच्या लॅबला त्याआधी आणि नंतर मिळाला नाही.

खालच्या आळीतल्या हिराआक्कांचा पोपट विहारात वाढलेला. सर पिंजऱ्यापाशी वाकले तसा तो खणखणीत "जय भीम" म्हणाला. सरांनी हातातला टॉवेल खाली ठेवला, सरळ उभे राहून त्याला "जय भीम" केला आणि मगच त्याला धरला. आक्का तोंडावर पदर घेऊन हसत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आन् ह्या बाई बोलत न्हाईत व्हय? आमचा राघू बोलतोय आन् ह्या मुक्या." मी म्हणाले, मी बोलते, पण मोजताना चुकतं म्हणून गप्प बसते. खरं तर मी तेव्हा काहीच मोजत नव्हते. आक्कांना ते कळलं असावं. त्यांनी मला चहा आणून दिला आणि माझ्या शेजारीच बसल्या.

सरांचं रक्त काढणं त्या दिवशी मी नीट बघितलं. घाबरलेल्या पक्ष्याची साखर चढते, पेशींचे आकडे बदलतात, म्हणून धरल्यापासून सोडेपर्यंत वेळ लावायचा नाही. सरांची बोटं जाड, म्हशींच्या कामाची. पण मान हातात आली की ती बोटं हलकी व्हायची. पोपटाने किंचाळायला चोच उघडावी तोवर सुई बाहेर आलेली असायची आणि सर कापसाने जागा दाबून त्याला काहीतरी सांगत असायचे. एकही पाखरू हातात दगावलं नाही. मी अनेकांना रक्त काढताना बघितलंय, माणसांचंही. असे हात पुन्हा दिसले नाहीत.

रक्त काढून झाल्यावर साखर. ही तपासणी डोळ्यांनाही दिसते, म्हणून सरांनी ती तिथेच करायची ठरवली होती. नळीत औषध असतं, पाण्यासारखं. त्यात रक्तातलं पिवळं पाणी थेंबभर घालायचं आणि नळी अंगाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवायची. साखर जितकी, तितका गुलाबी रंग चढतो. नेमका आकडा आम्ही सांगलीला जाऊन यंत्रावर काढणार होतो, पण रंग कुंडलमध्येच दिसणार होता. मी नळ्यांवर नंबर टाकत असताना हवालदार बाही वर करून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"माझं बी घाला."

त्यांचं रक्त मी काढलं. शेवटची नळी राजाची.

आक्कांच्या पातेल्यात कोमट पाणी, त्यात नळ्यांचा स्टँड. सगळे भोवती जमले. हवालदारांनी लोकांना दोन पावलं मागे सारलं आणि स्वतः पुढे राहिले. हळूहळू रंग यायला लागला. आधी पहिल्या नळीत, मग सगळीकडे. बघता बघता जवळजवळ अख्खी ओळ डाळिंबाच्या दाण्यासारखी झाली.

"आरं, समद्या गावच्या पोपटांना शुगर?" मागून कुणीतरी म्हणालं आणि पडवी हसली.

सर हसले नाहीत. ते म्हणाले, सकाळी हे सगळे पोपट तुम्हीच निरोगी म्हणून आणलेत आणि मीही तपासून घेतलेत. एवढ्या निरोगी पाखरांचा रंग जर हा असेल, तर हाच पोपटाचा बरोबर रंग.

पैलवान सेंट्रिफ्यूजशेजारी मांडी घालून बसला होता. तो म्हणाला, "मग डॉक्टर, माणसांचं आकडं तरी आपल्या गावच्या माणसांवरनं काढल्यात का?"

सरांनी विचार केला. "मला माहीत नाही," ते म्हणाले. मग पटकन हवालदारांकडे वळून म्हणाले, तुमचं पथ्य मात्र सोडायचं नाही.

हवालदारांचं लक्ष नव्हतं. ते गुडघ्यावर बसून स्टँडकडे बघत होते. सरांनी त्यांना विचारलं, यात वेगळं कोण दिसतंय. नळ्यांवर माझे बारीक इंग्रजी नंबर होते, ते त्यांना चष्म्यातूनही दिसत नव्हते. त्यांनी दोन नळ्यांवर बोट ठेवलं. दोन्ही फिकट, गुलाबाच्या पाकळीच्या आतल्या बाजूसारख्या.

"ही एक माझी," ते म्हणाले. "आन् ही..."

मी मान डोलावली. दुसरी राजाची होती. मरणाला टेकलेल्या पाखराच्या रक्ताचा रंग आणि पथ्य पाळणाऱ्या माणसाच्या रक्ताचा रंग सारखाच होता.

हवालदार म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही,

"एकीला देऊन घालवली. ह्याला न देऊन घालवत हुतो."

मग घडलं ते मी विसरणार नाही. आक्कांनी आपल्या पिंजऱ्यातली वाटी काढून त्यातली हिरवी मिरची आणि भिजलेले शेंगदाणे हवालदारांच्या ओंजळीत घातले. त्यांच्यामागून एकेक जण आपापल्या पाखराच्या वाट्यातलं घालत गेला. मक्याचे दाणे, डाळिंब, बाजरीचं कणीस. पैलवानाने कनवटीचे बदाम काढले. सरांनी ते तेवढे परत दिले. बाकीचंही एकदम देऊ नका म्हणून बजावलं. उपाशी आतड्याला भरपेट खाणं झेपत नाही. त्यांनी तिथेच पातळ पेज करवून ड्रॉपरने राजाला भरवली आणि हवालदारांना भरवायला शिकवलं. मी वाचेल असं म्हणत नाही, सर म्हणाले. तीन-चार आठवडे बघू, मग पुन्हा रक्त. हवालदारांनी एकच विचारलं, दिवसातनं किती बारी.

मधल्या काळात कुंडलच्या किराणा दुकानातून फोन येत. एकदा निरोप आला की राजा पेज बाहेर टाकतोय. सर दवाखाना बंद करून तसेच कुंडलला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबमध्ये येऊन माझ्याकडून त्या रविवारच्या, राजाच्या रक्ताच्या काचा मागून घेतल्या आणि काही नजरेतून सुटलंय का ते बघत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसले.

त्या रविवारच्या रक्तातून आमचा उजवा रकाना सुरू झाला. साखर, यूरिक ॲसिड, पेशींचे प्रकार. पोपटाचं मूत्रपिंड यूरिक ॲसिडवरून कळतं, माणसासारखं युरियावरून नाही, हेही आम्ही असंच शिकलो. त्यानंतर तासगाव, पलूस, वाईकडची काही गावं झाली. तरी निरोगी पाखरं हवी तितकी कधीच मिळाली नाहीत. खरा रकाना काढायला मोठी संख्या लागते, नर-मादी वेगळे लागतात, पिल्लं-म्हातारे वेगळे लागतात. सर ते आकडे अजून पेन्सिलनेच लिहायला लावतात. शाईने लिहिण्याइतकं आपल्याला ठाऊक नाही म्हणतात. याची मला खंत वाटते. कुठल्या मोठ्या ठिकाणी, चांगल्या यंत्रांवर हे काम व्हायला हवं होतं. पण पेन्सिलने का होईना, "अजून माहीत नाही"च्या जागी दोन आकडे आले, आणि ते कुंडलच्या पाखरांचे होते.

ठरलेल्या मुदतीनंतर हवालदार राजाला घेऊन आले. पिंजऱ्यावर पंचा होता, त्यामुळे आत काय आहे ते मला दिसलं नाही. त्यांच्या तोंडावरूनही काही कळत नव्हतं. सर म्हणाले, वजन थोडं वाढलंय, पण वजनावर मी विश्वास ठेवत नाही, अंगात पाणी साठूनही वाढतं. रक्त बघू. त्यांनी रक्त काढून दिलं, आणि मी लॅबकडे निघाले तसे हवालदार माझ्यामागोमाग चालत आले. गिऱ्हाइकांना आमच्या आतल्या खोलीत येऊ देत नाहीत. मी त्यांना अडवलं नाही.

मी नळी तयार केली, कोमट पाण्यात ठेवली आणि बाजूला झाले. हवालदार हात मागे बांधून, पाय अंतरावर ठेवून, ओट्यासमोर उभे राहिले. नळीतलं औषध पाण्यासारखं होतं. थोड्या वेळाने फिकट गुलाबी झालं, कुंडलला होतं तेवढंच, आणि वाटलं तिथेच थांबलं.

"काका," मी म्हणाले. मी आपण होऊन कुणाशी पहिल्यांदा बोलावं असं फार होत नाही. "वेळ व्हायचाय अजून."

"आजून चढंल?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

ते पुढे वाकले. मीही वाकले. रंग खालून यायला लागला, आधी तळाशी गडद, मग वरपर्यंत. मी नळी उचलून हलवली आणि उजेडात धरली. डाळिंबाचा दाणा.

हवालदारांनी चष्मा काढला, पुसला नाही, तसाच घडी करून खिशात ठेवला. आता चष्म्याशिवायही त्यांना तो रंग दिसत होता.